एकही ओरखडा नाही, एक सोडून

टायरच्या दुकानात चपला बाहेर काढून शिरायचं असतं, हे मला वाशीमला आल्यावर कळलं.

वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने द्यायची आहे असं ऐकून मी तिथे गेले होते. आत साठीकडे झुकलेले एक गृहस्थ मोटारीच्या चाकावर ओणवे झाले होते. वर न बघताच म्हणाले, "चपला."

मला वाटलं, मी चपला शिवायला आले आहे असा त्यांचा समज झाला असावा. म्हटलं, "चपला नाहीत, खोली बघायची होती."

"खोली हाय. आंधी चपला."

मी चपला बाहेर ठेवून आले, तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. "तुमच्या चपलेत रोडचा खडा फसते. तो माह्या फरशीवर पडते. फरशीवर मी रिम ठेवतो. रिमले ओरखडा आला, मंग गिऱ्हाईक कोणाले बोलते? तुमाले का मले?"

 मी खोली घेतली आणि पुढची चार वर्षं त्या दुकानाच्या डोक्यावर राहिले. मी साताऱ्याकडची, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला वाशीमला आलेली. ते मला मॅडम म्हणत. मी त्यांना काका म्हणे आणि त्यांच्या बायकोला काकू.

काकांच्या दुकानाची फरशी दिवसातून तीनदा ओल्या फडक्याने पुसली जाई. ट्रकचे धिप्पाड ड्रायव्हर बूट हातात घेऊन दाराशी ताटकळत, पंगतीला उशिरा पोचलेल्या पाहुण्यांसारखे. दारावर एक पाटी होती: 'टायर काढून बसवून मिळेल. तीस वर्षांत एकही ओरखडा नाही.' पाटीवर ना दुकानाचं नाव, ना मालकाचं. काका म्हणत, "नावानं काय होते? काम सांगा."

काम संपलं की ते चाक दारात उजेडाला नेत. खिशातून घड्याळजीचं भिंग काढून डोळ्याला लावत आणि रिम एकदा सुलट, एकदा उलट फिरवून बघत. गिऱ्हाईक घाई करी. काका म्हणत, "पाहून घेतो." गंजून चाळणी झालेली ट्रॅक्टरची रिम असली तरी पाहून घेतो. चहा आला की कपाचा कान पाहून घेतो. काकूंनी गॅस बंद केला की मागून जाऊन पाहून घेतो. काकू मला एकदा म्हणाल्या, "मले पाहाले आले होते ना मॅडम, तवा बी म्हणे पोरीले जराशी दारात उजेडात आणा."

अर्थात हाताखाली माणूस टिकत नसे. शेवटचा गेला तो पट्ट्यावरून. काकांनी त्याला सांगितलं होतं, पट्ट्याचं बकल रिमला लागतं, उद्यापासून नाड्याचा पायजमा घालून ये. तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही.

टायर वाचणं ही काकांची दुसरी विद्या. झिजलेल्या टायरवरून बोट फिरवून ते मालकाचा स्वभाव सांगत. आमच्या प्राचार्यांना त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "सर, तुमी वळता उजवीकडं, पण मन डावीकडं राह्यते तुमचं." प्राचार्य पुढच्या वेळेपासून हवा दुसरीकडे भरू लागले. एकदा मंगरूळपीरकडचे एक गृहस्थ होणाऱ्या जावयाची मोटारसायकल 'हवा भरून आणतो' म्हणून मागून घेऊन आले. खरं काम वेगळंच होतं. काकांनी दोन्ही टायर चाचपले.

"मांगचा टायर सफाचट, पुढचा कोरा. पोरगा पुढचा ब्रेक दाबतच नाई. भेते."

गृहस्थांचा चेहरा उतरला.

"तोंड कायले पाडता? भेणारा माणूस रोज येळेवर घरी येते."

लग्न झालं. दर दिवाळीला मंगरूळपीरहून चिवड्याचा डबा येई, त्याअर्थी निदान चुकलं नसावं.

अशा माणसाकडे एका डिसेंबरात शेटजी आले. शेटजी मूळचे कारंज्याचे, वाशीमच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. पासष्टीचे, बोलायला मऊ. त्यांनी न सांगता चपला बाहेर काढल्या, तिथेच काकांच्या मनात निम्मं घर केलं. मागून त्यांच्या माणसांनी चार नवीकोरी चाकं आणि चार नवेकोरे टायर उतरवले, वेगवेगळे.

शेटजींची सून डॉक्टर होती. दर गुरुवारी ती एकटी गाडी चालवत केनवडला जाई आणि तिथे बायकांचा दवाखाना चालवी. दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी परत येताना टायर पंक्चर झाला. मोबाइलला रेंज नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि चाकाचे नट काही केल्या सुटेनात. मदत मिळेपर्यंत दीड तास ती काचा लावून गाडीत बसून राहिली. घरी पोचली तेव्हा घरच्यांनी ठरवूनच टाकलं होतं, केनवड बंद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टायर बदला. मला नका बदलू."

म्हणून शेटजींनी चौकशी करून हे टायर मागवले होते. रनफ्लॅट म्हणतात त्यांना. त्यांच्या कडा इतक्या जाड आणि ताठ की हवा पार गेली तरी टायर खाली बसत नाही, हळूहळू चालवत घर गाठता येतं. जुनी चाकं ह्या टायरांना चालत नव्हती म्हणून चाकंही नवी आली होती, काळी, आरशासारखी. हवा गेलेली बाहेरून कळत नाही, म्हणून प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, हवेचा दाब गाडीतल्या पडद्यावर कळवणारा एक नाजूक सेन्सर होता. काकांनी लगेच त्याचं नाव ठेवलं जासूस.

"पण बसवणार कोण?" शेटजी म्हणाले. "मोठ्या शहरात टायरच्या एका चकचकीत, काचेच्या दुकानात एक चाक देऊन पाहिलं. त्यांनी नुसती ताकद लावली. सेन्सर मोडला आणि रिमवर मांजरीनं ओरबाडल्यासारखी रेघ. ते चाक नवं यायला महिना गेला. आता पुन्हा काही झालं, तर घरात सगळे म्हणणार, पुरे झालं हे टायरांचं वेड आणि पुरे झालं केनवड. घरात सुनेच्या बाजूनं मी एकटा आहे हो."

काकांनी टायरची कड अंगठ्याने दाबून पाहिली. अंगठाच मागे वाकला.

"असे टायर तुम्ही कधी बसवलेत?" शेटजींनी विचारलं.

"नाई."

"मग?"

"म्हणूनच बसवीन. ज्यानं धा बसवले तो घाई करते. आठ दिवस ठेवा. अन् रोज इचारू नोका."

त्या संध्याकाळी काका पहिल्यांदा जिना चढून माझ्या दाराशी आले. हातात टायरबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका. मी वाचून मराठीत सांगायचं आणि त्यांनी वाद घालायचा, असं तीन दिवस माझ्या खोलीपुढच्या गच्चीवर चाललं. टायरची कड सेन्सरवर दाबली जाऊ नये, असं वाक्य आलं की ते म्हणत, "हे मले समजते. त्याले इचारा, टायर थंडा पाह्यजे का गरम?"

"काका, ही पुस्तिका आहे. तिला विचारता येत नाही."

"पुढचं पान पाहा."

पुढच्या पानावर खरंच लिहिलं होतं, टायर थंड असताना बसवू नये. काका खूश झाले. "शाना माणूस हाय." तेव्हापासून पुस्तिका लिहिणारा तो अज्ञात इसम आमच्या गच्चीवर तिसरा येऊन बसल्यासारखा झाला. "तुमचा तो कंपनीवाला काय म्हणते?" असं काका रोज विचारत.

कंपनीवाल्याच्या एका म्हणण्यावर मात्र गाडी अडली. असा ताठ टायर बसवताना त्याची कड एका बाजूने दाबून धरणारा एक जास्तीचा हात टायर चढवायच्या मशीनला हवा होता. काकांच्या मशीनला तो नव्हता. काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "माह्या जुन्या साड्या रिमखाली अंथरल्या, आता मले बी अंथरता का?"

काकांची नजर माझ्या हातांवर आली. "मॅडम, तुमी फिजिक्सच्या ना?"

"हो."

"मंग दाब तुमाले समजते."

दाबाचं प्रकरण मी दर वर्षी पोरांना शिकवत होते. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी काका दुकान उघडं टाकून गायब झाले. असं कधी घडलं नव्हतं. काकू घाबरल्या. मी शोधायला निघाले, तर ते बाजारातल्या बांगड्यांच्या दुकानात सापडले. नवरीला चुडा भरायला आलेल्या दहा-बारा बायकांच्या मधोमध स्टुलावर बसून ते एकटक नवरीच्या मनगटाकडे बघत होते. बांगड्या भरणारी चाची मला बघताच म्हणाली, "मॅडम, इनको ले जाओ. दो घंटे से बैठे हैं. दुल्हन शरमा रही है."

मी त्यांना बाहेर काढलं. रस्त्याने ते आपल्याच नादात बोलत होते. "हात नरम होत नाई, मॅडम. मी पाह्यलं. बांगडी बी मोठी होत नाई. चाची नुसती बोलत राह्यते. माहेरचं, सासरचं, इकडचं तिकडचं. मंग त्या पोरीचा हात इसरते की आपण हात हावोत. तवा बांगडी जाते."

"म्हणजे आपण टायरशी बोलायचं?"

"टायरशी नाई जी. आपल्या हाताशी. कडक टायर होत नाई, आपला हात होते."

नवव्या दिवशी सकाळी मी दार उघडलं, तर माझ्या गच्चीवर दोन बाजा टाकलेल्या होत्या. एकीवर काकूंच्या मुगाच्या वड्या वाळत होत्या आणि दुसरीवर चार टायर. थंडी कडाक्याची होती. काका दर अर्ध्या तासाने वर येऊन टायर पालथे करत आणि त्याच ओघात वड्याही. दहाच्या सुमाराला शेटजी विचारायला आले.

"टायर ऊन घेऊन राह्यले," काका म्हणाले.

शेटजींना ते खरं वाटेना. ते वर आले, बघितलं, आणि टायरांशेजारी बाजेवर उन्हाला बसले. थोड्या वेळाने मला म्हणाले, "बरं वाटतंय हो इथं."

दुपारी टायर कोमट झाले, तेव्हा गोधडीत गुंडाळून ते खाली नेले. काकांनी एक स्टीलचं पातेलं माझ्यापुढे धरलं. मी घड्याळ, बांगड्या, अंगठी, कानातले, सगळं त्यात काढून ठेवलं. शेटजींना दारातल्या स्टुलावर बसवून तोंड रस्त्याकडे करायला सांगितलं, कारण मालकाने बघितलं की हात कडक होतो. काकांनी मशीनच्या लोखंडी जबड्यांवर प्लॅस्टिकच्या टोप्या चढवल्या, टायरच्या कडेला ब्रशने पांढरी साबणाची पेस्ट लावली आणि बोटाने जागा दाखवली. "जासूस अथी हाय. ह्याच्यावर कड येऊ द्याची नाई."

माझ्या हातात लाकडी ठोकळा. रिमच्या मधोमध सगळीकडून एक खोलगट भाग असतो. मी ठोकळ्याने टायरची एका बाजूची कड त्या खोलगटात दाबून धरायची आणि रिम धरलेली मशीनची थाळी फिरेल तसं तिच्याबरोबर फिरायचं. "इकडची कड खाली राह्यली, त तिकडची आपोआप चढते. नाई राह्यली त फाटते," काका म्हणाले आणि त्यांनी पायाने पेडल दाबलं.

थाळी फिरू लागली. माझे खांदे भरून आले, दात आवळले गेले. आणि काकांनी अचानक विचारलं, "मॅडम, साताऱ्याचे कंदी पेढे कशाचे करतात हो?"

"अं? खव्याचे."

"म्हशीच्या का गाईच्या?"

"म्हशीच्या."

"साखर आंधी का नंतर?"

मी साखरेचा विचार करू लागले आणि टायर सळकन रिममध्ये उतरला. मला हसू फुटलं. चाचीची विद्या माझ्यावर चालवली गेली होती. मग हवा भरली. फट्ट, फट्ट, असे दोन आवाज झाले. दोन्ही कडा जागेवर बसल्या. पहिलं चाक उजेडात गेलं, भिंगाखाली उलट-सुलट फिरलं. "हाव," काका म्हणाले, म्हणजे चाक पास. दुसरंही हाव. तिसरंही हाव. दारातल्या शेटजींची पाठ प्रत्येक 'हाव'ला एकेक इंच सरळ होत होती.

चौथ्या चाकाच्या वेळी माझी ओढणी सारखी घसरू लागली. मी ती कमरेभोवती घेतली आणि कुडत्याच्या आतल्या बाजूला असलेली सेफ्टी पिन काढून तिथे टोचली. इतकं साधं काम, मी काय करते आहे हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. टायरची शेवटची वीतभर कड चढायची राहिली होती. मी सगळं अंग ठोकळ्यावर टाकलं. कमरेपाशी बारीक 'कर्र' झालं.

मी खाली बघितलं. रिमच्या बाहेरच्या काठावर केसाएवढी रेघ होती, लांबी तांदळाच्या दाण्याएवढी.

"खवा किती येळ भाजतात मंग?" काका विचारत होते.

"बराच वेळ," मी म्हटलं आणि फडकं त्या जागेवर सरकवलं.

भिंगापुढे फडक्याचं काय चालणार. चौथं चाक सुलट फिरलं, उलट फिरू लागलं आणि मधेच थांबलं. काका इतका वेळ हलले नाहीत, की रस्त्यावरून जाणारा एक रिक्षावाला काय झालं म्हणून थांबला. मग ते चाक घेऊन शेटजींपुढे गेले.

"ओरखडा आला, शेटजी."

"कुठे?"

"अथी."

"मला तर दिसत नाही."

"भिंग घ्या."

शेटजींनी भिंग लावलं. "ही धूळ आहे."

"धूळ पुसल्या जाते. हा ओरखडा हाय. रागवा."

"अहो, कशाला रागवू? चारही चाकं बसली, चारही सेन्सर शाबूत. मी तर तुमच्या पाया..."

"त्या काचेच्या दुकानात तुमी रागावले का नाई?"

"रागावलो."

"मंग आमीच तुमचं काय घोडं मारलं? रागवा ना!"

शेटजींनी बिचाऱ्यांनी प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घातल्या, एक बोट वर केलं, आणि त्यांना हसूच आलं. हसता हसता त्यांनी काकांना मिठी मारली. संध्याकाळी डॉक्टरीणबाई गाडी न्यायला आल्या. त्यांनी भिंग लावून तपासलं आणि म्हणाल्या, "काका, ह्याच्यावर मी फुंकरसुद्धा मारणार नाही." काकांना तो अपमान वाटला.

पुढच्या गुरुवारी गाडी केनवडला गेली आणि आली. शेटजींचं घरातलं वजन वाढलं. शुक्रवारी काकांनी पाटी रंगवणाऱ्याला बोलावलं. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली, मग शिडी लावली. पाटी आता अशी झाली: 'तीस वर्षांत एकही ओरखडा नाही. एक सोडून.'

गावभरातून ती पाटी बघायला माणसं येऊ लागली. काका प्रत्येकाला उजवा हात दाखवून सांगत, "हा. तीस वर्षांनं बदलला." ते चहाचा कप डाव्या हाताने उचलू लागले. दुपारी जेवण सोडून भंगारातल्या रिमवर सराव करू लागले. काकू म्हणाल्या, "झोपीत बी हात फिरवून राह्यले."

मी त्या पाटीखालून दिवसातून दोनदा जात होते. सातव्या-आठव्या दिवशी प्रॅक्टिकलच्या तासाला पोरांना सांगत होते, निरीक्षणात चूक झाली असेल तर वहीत तशीच लिहायची, खोडायची नाही, लपवायची नाही. वाक्य अर्ध्यावरच थांबलं. पोरं पेन वर करून वाट बघत राहिली.

घरी येऊन सरळ दुकानात गेले आणि सगळं सांगितलं. ओढणी, पिन, कर्र, फडकं. काका ऐकत होते.

"पिन कुठी हाय?"

मी पिन दिली. त्यांनी ती भिंगाखाली सुलट-उलट बघितली. "हाव. हीच." मग पिन माझ्या हातात परत ठेवली. "आठ दिवस मी ह्या हाताले शिव्या देऊन राह्यलो, मॅडम. ह्या हातानं मले पोसलं."

एवढं बोलून ते पाठमोरे झाले. पुढचे चार दिवस त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. निरोप काकूंच्या तोंडून जिन्यात येत.

"हे म्हणतात, टाकीत पाणी सोडलं."

"बरं."

"हे म्हणतात, हे तुमच्याशी बोलून नाई राह्यले."

"ते कळलं मला, काकू. त्यांना म्हणावं, पाटी पहिल्यासारखी करून घ्या. चूक माझी होती."

काकू खाली गेल्या आणि धापा टाकत वर आल्या. "हे म्हणतात, पाटीले हात लावू नोका. दुकानात जे होते ते दुकानाचं राह्यते." मग दम खाऊन म्हणाल्या, "अन् मी म्हणतो, आता तुमी तुमचं बोला बाप्पा. माहे गुडघे गेले."

रविवारी सकाळी ते स्वतः जिन्याखाली येऊन ओरडले. "खाली या. पिन नोको, चेन नोको. अन् नाड्याचा पायजमा."

दुकानात दहा जुन्या रिमा मांडल्या होत्या. रेघ उठून दिसावी म्हणून त्यांनी त्या स्वतः काळ्या रंगवल्या होत्या. टायर काढायचा, बसवायचा, ओरखडा आला की पुढची रिम घ्यायची. पहिल्या रविवारी मी दहाही रिमांची वाट लावली. काकांनी प्रत्येक ओरखड्याभोवती खडूने गोल काढला. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तीस वर्षं ते भिंग लावून ओरखडे शोधत होते आणि आज कुठे त्यांना ते पोटभर सापडत होते.

दर रविवारी हेच. होळीपर्यंत गोल दोन-तीनवर आले. माझ्या वर्गातली पोरं मुद्दाम त्या रस्त्याने जाऊ लागली. घरी फोनवर आईने विचारलं, रविवारी काय करतेस? मी सांगितलं, शिकवणी लावली आहे.

उन्हाळा चढला होता. एका गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला डॉक्टरीणबाईंची गाडी सावकाश येऊन दुकानासमोर थांबली. त्या उतरल्या, चपला बाहेर काढल्या आणि म्हणाल्या, "काका, डाव्या बाजूच्या मागच्या टायरमध्ये हवा नाही. केनवड सोडलं आणि पडद्यावर लाल दिवा लागला."

काका गाडीमागे गेले. टायर ताठ उभा होता. अंगठ्याने दाबून पाहिलं, भोवती फिरून पाहिलं, खाली वाकून खिळा पाहिला. "हा रिकामा हाय?"

"पूर्ण."

"अन् तुमी तिकडून अशाच आल्या? थांबल्या नाई कुठीच?"

"थांबले ना. रिसोडला उसाचा रस प्यायले."

 काका एकदम टाळी वाजवून ओरडले, "शेटजीले फोन लावा! सांगा, रस पेल्या म्हणा!" काकू हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आल्या. डॉक्टरीणबाई हसत होत्या, पण त्यांचे डोळे भरले होते. एवढ्या लांबून, एकटीने, खिडकीच्या काचा खाली करून आले, असं त्या म्हणाल्या.

टायर उघडला तर आत रबराचा भुगा पडला होता. काकांनी तो तळहातावर घेऊन पाहिला. "ह्यानं त्याचं काम केलं. आता ह्याले पुन्हा रोडवर पाठवू नोका." नवा टायर मागवला. तो यायला आठवडा लागला आणि तेवढ्यात काकांचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, महिनाभर जड काम बंद.

टायर आला त्या दिवशी मी कॉलेजातून परतले, तर तो गच्चीवर ऊन खात पडलेला आणि काका जिन्याच्या पायरीवर बसलेले.

"मॅडम, आज मशीनवर तुमी. मी दुसरा हात."

"काका, ही खरी रिम आहे. शेटजींची."

"मले मालूम हाय कोणाची हाय ते."

पातेल्यात दागिने गेले. टोप्या, पेस्ट, जासूस, सगळं मी जागच्या जागी बघून घेतलं. काकांनी डाव्या हाताने ठोकळा धरला आणि मी पेडल दाबलं. थाळीबरोबर ते गोल फिरू लागले, साठीचा माणूस, अनवाणी, एका हाताने दाबत. त्यांचा श्वास जड झालेला मला ऐकू येत होता. माझी मूठ मशीनच्या दांड्यावर आवळत चालली होती. ती मी सैल सोडली. कड हळूच आत गेली. हवा भरली. फट्ट, फट्ट.

तेवढ्यात शेटजी आले. मशीनजवळ मी उभी आणि काका ठोकळा घेऊन बाजूला, हे बघून ते दारातच थबकले.

"मॅडमनी बसवला?"

"हाव."

"तुम्ही नाही?"

"मी दाबत होतो."

शेटजींचा चेहरा पांढरा पडला. माणूस सभ्य. पण काकांच्या खिशातून त्यांनी स्वतःच भिंग काढलं, चाक दारात उजेडाला नेलं आणि गुडघे टेकून बसले. सुलट फिरवलं. उलट फिरवलं. पुन्हा सुलट.  काकूंनी चहा आणला. काकांनी कप डाव्या हाताने उचलला, स्टुलावर बसले आणि समोरच्या लिंबाच्या झाडाकडे बघत घोट घेऊ लागले.

मी हळूच म्हटलं, "काका, तुम्ही नाही पाहत?"

"कायले?" ते म्हणाले.